पहाटेच्या गाडीचा रंग

"आधी हात, मग बाटली."

हे वाक्य आत्या दिवसातून दहा वेळा तरी म्हणायची. नवं गिऱ्हाईक आलं, फळीवरच्या बाटल्यांकडे बोट करून "तो गुलाबी लावा" म्हणालं, की आत्या ते बोटच हातात धरायची. उजेडाकडे वळवायची, उलटंपालटं करून बघायची, आणि बाटलीकडे ढुंकूनही न पाहता म्हणायची, "आधी हात, मग बाटली." मग चौकशी सुरू. या हाताला काम काय असतं? पाण्यात किती वेळ जातो? लिहिता का? उन्हात हिंडता का? कुणी घाई केली तर आत्या शांतपणे सांगायची की घाईवाल्यांसाठी बाजारात तयार बाटल्या भरपूर आहेत, आणि त्या वाईटही नसतात.

तिला आत्या म्हणायचं कारण साधं होतं. दुकान भाच्याचं. पुढच्या खोलीत भाचा केस कापायचा, मधे एक पडदा, आणि पडद्यामागे खिडकीला लागून आत्याचं टेबल. भाचा आत्या म्हणायचा, त्याची बायको आत्याबाई म्हणायची, आणि गिऱ्हाइकांनी ते तसंच उचललं. पुढे पुढे तिच्याहून दहा वर्षांनी मोठ्या बायकाही तिला आत्या म्हणू लागल्या. "सगळ्या जगाच्या बापाची मी बहीण," ती म्हणायची, आणि ते तिला आवडतही असे.

त्याआधी बावीस वर्षं ती भिंतीच्या रंगांच्या दुकानात होती. माणसं घरच्या भिंतीचा पोपडा कागदात बांधून आणायची आणि म्हणायची, अगदी हाच रंग हवा. आत्या पोपडा दाराशी नेऊन बघायची, आत आणून बघायची, आणि पांढऱ्या रंगाच्या डब्यात स्टेनरचे थेंब टाकू लागायची. स्टेनर म्हणजे कडक रंगाच्या छोट्या बाटल्या. एक थेंब जास्त पडला की अख्खा डबा वाया. तिचा थेंब कधी जास्त पडला नाही.

त्या धंद्यात 'मारणे' हा शब्द दोन अर्थांनी चाले. भिंतीला रंग मारतात हे तर सगळेच म्हणतात. पण कालवलेल्या रंगातून नको ती छटा डोकं वर काढू लागली, तर तिच्या उलट रंगाचा थेंब टाकून तिला गप्प बसवायचं, यालाही तिथे मारणेच म्हणत. पिवळट आलंय? जांभळ्याने मार. निळसर झालंय? नारिंगीने मार. आत्या या कामात इतकी तयार होती की रंगारी लांबून तिच्याकडे डबे घेऊन येत.

मग दुकानात रंग कालवणारं यंत्र आलं. बटण दाबलं की थेंब आपोआप पडायचे. आत्याने महिनाभर त्या यंत्रावरची धूळ पुसली आणि मग भाच्याच्या दुकानात केर काढायला आली.

एका रिकाम्या दुपारी तिने भाच्याच्या बायकोच्या, म्हणजे सूनबाईच्या, अर्धवट वाळलेल्या नेलपॉलिशच्या बाटल्या गोळा केल्या. पांढऱ्या फरशीचा तुकडा घेतला, काडेपेटीतली काडी घेतली, आणि कालवायला बसली. सूनबाईच्या नखांवर तिने जो रंग लावला तो कुठल्याच बाटलीत नव्हता. तांब्याचं भांडं आतून जसं दिसतं, तसा तो होता. केस कापून घ्यायला आलेल्या एकाने आपल्या बायकोला दुसऱ्या दिवशी पाठवून दिलं. तिथून सुरू झालं.

आत्या रंगांना नावं द्यायची ती तिची स्वतःची. कबुतराची मान. गंजका पत्रा. कांद्याचं दुसरं साल. शाळा सुटताना. "शाळा सुटताना म्हणजे कोणता रंग हो आत्या?" कुणी विचारी. "लावल्यावर समजेल. समजला नाही तर पुसून टाकू." पुसायची वेळ येत नसे. पिठाच्या गिरणीवरच्या बाईला तिने दहाही नखांवर उन्हात वाळत घातलेल्या धुण्याचा रंग दिला होता. पांढराच, पण त्यात निळीचा भास. गिरणीत दिवसभर उडणारं पीठ त्या नखांवर बसायचं आणि तरी ती नखं धुतल्यासारखी दिसायची. हे शहाणपण बाटलीत मिळत नाही, असं आत्या म्हणायची. अभिमान होता तिला. तो ती झाकत नसे.

तिचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक म्हणजे बसस्थानकावरच्या तिकीट खिडकीतल्या बाई. खिडकीची काच धुरकट, तिच्यावर वेळापत्रकाचे कागद चिकटवलेले, आणि खाली अर्धगोल भोक. त्या भोकातून बाईंचे फक्त हात दिसायचे. तिकीट पुढे सरकवणारे, बोटाने फलाटाचा नंबर दाखवणारे, म्हाताऱ्या माणसाची पिशवी पकडून "थांबा, चिल्लर राहिली" सांगणारे. गावाने तो चेहरा फारसा पाहिला नव्हता, पण हात सगळ्यांना ओळखू यायचे. म्हणून बाई हात जपायच्या. सहा वर्षं, एक गुरुवार सोडून दुसऱ्या गुरुवारी, कामावरून सुटल्या की त्या आत्याकडे यायच्या.

"लोकांना माझं तोंड दिसत नाही ते बरंय," बाई म्हणायच्या. "चार वाजता ते बघण्यासारखं नसतं."

"मग नखं तरी अशी करू की गाडी चुकली तरी माणूस चिडणार नाही."

"कालच एकाची चुकली. तो म्हणाला, मॅडम, रंग छान आहे पण माझी गाडी गेली."

दोघींना एकमेकींखेरीज दुसरी मैत्रीण नव्हती. आत्या त्यांना बाई आणि तुम्ही म्हणे, बाई तिला अगं म्हणत. सहा वर्षांत त्यात बदल झाला नाही आणि दोघींना त्याची अडचणही कधी वाटली नाही.

थंडी सुरू झाली होती तेव्हाची गोष्ट. जुना रंग कापसाने पुसताना बाईंचं नख उघडं पडलं आणि आत्याचा हात थांबला. नखाखाली जिथे गुलाबी असतं, तिथे निळसर सावली होती. शाई सांडलेलं बोट कितीही धुतलं तरी मागे राहते तशी.

"गारठा आहे ना," बाई म्हणाल्या.

आत्याने ती बोटं आपल्या मुठीत धरून पाहिली. बोटं गार नव्हती. हे तिला तेव्हाच कळलं होतं. नंतर कधी मनाची समजूत घालायची म्हटलं, तर हीच एक गोष्ट आडवी यायची.

त्या दिवशी तिने विटकरी रंग कालवला होता. तो त्या निळ्यावर चढला आणि चिखलासारखा मळकट झाला. आत्याला ते सहन होईना. बावीस वर्षं जिने पोपड्याशी रंग जुळवला, तिच्या हातून चिखल? तिने रंग पुसला, फरशीच्या तुकड्यावर पातळ नारिंगी केला, त्याचा झिरझिरीत थर आधी दिला आणि वर विटकरी चढवला. वीट जणू नुकती भट्टीतून निघाली.

"निळा असा मारला," ती समाधानाने म्हणाली, "की औषधालाही उरला नाही."

बाई हसल्या. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. निळा थोडा वाढला होता, नारिंगी थोडा वाढवावा लागला. त्यानंतर आणखी. दुकानाला तीनच पायऱ्या होत्या, पण बाई आता त्या चढून आल्या की पाच मिनिटं बोलत नसत. पाणी पीत, छातीवर हात ठेवून बसत. आत्या म्हणायची, "बाई, पुढची गाडी तुम्हीच ओढत आणलीत की काय?" आणि बाई हात हलवून 'थांब जरा' अशी खूण करत. आत्या थांबायची. थांबता थांबता फरशीच्या तुकड्यावर नारिंगी कालवून ठेवायची. तो आधी लागणार हे तिला ठाऊक झालं होतं.

अशात बाईंनी एक बातमी आणली. बसस्थानकाच्या दारात मोठं चित्र लावायचं ठरलं होतं, आणि आगाराच्या साहेबांनी माणसाचा चेहरा नको म्हणून बाईंचे हात निवडले होते. अर्धगोल भोकातून बाहेर आलेले, तिकीट देणारे हात.

"आणि खाली तुझं नाव घालायला सांगितलंय मी."

"माझं? काय लिहिणार?"

"नखांची सजावट, आत्या."

"आणि लोक विचारतील, कुणाची आत्या?"

"सगळ्या जगाची. तूच म्हणतेस ना."

आत्याने चार दिवस दुसरं काही मनात येऊ दिलं नाही. दहा नखं म्हणजे दहा गाड्या, असं तिने ठरवलं. डाव्या करंगळीवर पहाटेची पहिली गाडी, उजव्या करंगळीवर शेवटची, आणि मधल्या आठ बोटांवर दिवस हळूहळू चढत आणि उतरत जाणार. धुक्याचा करडा, उन्हाचा पहिला पिवळा, दुपारचा पांढराफटक, धुळीचा, विटेचा, दिवे लागतानाचा. रंग एका नखातून दुसऱ्यात असा जाणार की सांधा कुठे आहे ते सापडू नये.

फोटोच्या आदल्या दिवशी आभाळ आलं होतं म्हणून तिने ट्यूबलाइट लावली. बाईंची नखं पुसून झाली. बाईंनी दोन्ही हात समोर धरले, बराच वेळ पाहिले, आणि सावकाश विचारलं, "आत्या, खरं सांग. हे निळं दिसतंय ना गं?"

खरं सांगायला एवढाच एक क्षण होता. सांगितलं असतं तर बाई दुसऱ्या दिवशी खिडकीत नाही, दवाखान्यात गेल्या असत्या. फोटोवाला परत गेला असता. साहेबांनी दुसरं काहीतरी चित्र निवडलं असतं, एखादी धावती बस वगैरे. हे सगळं आत्याच्या डोक्यातून गेलं, शब्दांत नव्हे, पण गेलं.

"कुठलं निळं?" ती म्हणाली. "ही ट्यूब आहे ही. हिच्याखाली भला माणूस आजारी दिसतो. उजेडाचा दोष."

"तसंच असेल," बाई म्हणाल्या आणि हात टेबलावर ठेवले. रंगातलं आत्याला कळतं, यावर त्यांचा सहा वर्षांचा विश्वास होता.

आत्याने नऊ नखांना नारिंगीचा थर दिला. दहाव्या, डाव्या करंगळीच्या नखाला दिला नाही. पहाटेच्या गाडीला जो रंग हवा होता, काळोख सुटत असतानाचा, तो फरशीवर तिला चार दिवस जमत नव्हता. बाईंच्या नखाखाली तो आयता होता. तिने वरून नुसता करड्याचा पातळ पदर ओढला. आतला निळा त्यातून झिरपला, आणि पहाट झाली.

फोटो छान निघाला, असं फोटोवाला म्हणाला.

त्यानंतर दहा दिवसांनी बाई खिडकीत बसल्या बसल्या एका बाजूला कलंडल्या. बाहेरच्या माणसाला आधी कळलंच नाही. हात भोकातून बाहेर होता, तिकीट बोटात होतं, आणि तो ते ओढत होता.

दुपारी बाईंची लेक धावत दुकानात आली. "आत्या, तुमच्याकडचं ते रंग काढायचं पाणी द्या. बोटाला चिमटा लावतात ना, त्याच्यावर आकडा नीट येत नाहीये. नर्स म्हणाली नखांवरचा रंग काढा. तिथल्या स्पिरिटने निघेना."

निघणार कसा. आत्याचा रंग पंधरा दिवस हलत नसे, याचीही तिला शेखी होती. तिने बाटली आणि कापूस घेतला आणि स्वतःच निघाली.

दवाखान्यात बाई खाटेवर डोळे मिटून होत्या, तोंडावर वाफेसारखा धूर सोडणारा प्लास्टिकचा मुखवटा. आत्या स्टुलावर बसली. दिवस चढवला होता त्याच क्रमाने तिने तो पुसायला घेतला. डाव्या करंगळीवरून नुसता करडा निघाला. बाकीच्या नखांचा वरचा रंग कापसावर आला, मग खालचा नारिंगी आला, मग नख. नर्स वाकून बघत होती. एकेक नख उघडं होत गेलं तशी ती आणखी वाकली, आणि मग डॉक्टरांना बोलवायला गेली.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी बाईंची बोटं खिडकीकडे वळवली, अगदी आत्या वळवायची तशीच. "हे आजचं नाही," ते म्हणाले. "किती दिवस अशी आहेत नखं? घरात कुणाच्या लक्षात आलं नाही?"

लेक रडायला लागली. "आईची नखं कायम रंगवलेली असायची हो. आम्हाला कुठून दिसणार?"

"मग कुणालाच दिसली नसतील," डॉक्टर म्हणाले. त्यांनी ते लेकीला धीर द्यायला म्हटलं असावं.

आत्या स्टुलावरच होती. तिच्या मांडीवर कापसाचे बोळे होते, नारिंगी डागांचे. तिने ते मुठीत गोळा केले आणि मूठ मिटली. लेकीने जाताना तिचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "तुम्ही होतात म्हणून निघाला तरी रंग." त्या वेळी जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं आत्याला वाटलं. पण दवाखान्याची फरशी पक्की होती.

बाई वाचल्या. हृदयाची एक झडप नीट मिटत नव्हती, त्याने फुफ्फुसं थकली होती. लवकर आल्या असत्या तर बरंच काही करता आलं असतं, असं डॉक्टर लेकीला म्हणाले, आणि लेकीने ते येऊन दुकानात सांगितलं. आता घरीच राहायचं, नाकाशी नळी, जिना उतरायचा नाही. खिडकीवर दुसरी मुलगी बसू लागली.

आणि त्याच आठवड्यात बसस्थानकाच्या दारात चित्र लागलं. दोन माणसं उंचीचं. गावाला बाईंचं कळलं होतं, त्यामुळे लोक त्याच्यापुढे उभे राहून बघायचे. दुकानात बायकांची रांग लागली. "आत्या, ते पहाटेचं नख काय जमलंय हो. बाकीची रंगवलेली वाटतात, ते एक जिवंत वाटतं." प्रत्येकजणी नेमकं त्याच नखाविषयी बोलायची. एकीने आपली डावी करंगळी पुढे करून सांगितलं, "मला फक्त एवढं एकच द्या, अगदी तसंच."

"तसं होणार नाही," आत्या म्हणाली.

"का?"

"तो रंग माझा नाही."

"बघा, किती मोठं मन," ती बाई मैत्रिणीला म्हणाली.

आत्याने बसस्थानकावरून जाणं सोडलं. बाजाराला जायचं तर लाकडाच्या वखारीमागून, चिखलातून वळसा घालून जाई. टेबलाशी बसली की बोटं दुखतात म्हणू लागली. फळीवरची नारिंगी बाटली तिने मागे सरकवली, मग खाली ठेवली, मग सूनबाईने विचारल्यावर म्हणाली की वाळली, टाकून दिली.

"नाव झालं आणि आत्याबाईंचे हात दुखायला लागले," सूनबाई भाच्याला म्हणाली, पडद्यापलीकडे ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "आता मोठ्या माणसांनी काम कसं करायचं."

भाचा कात्री चालवत म्हणाला, "राहू दे गं. मैत्रीण आजारी आहे तिची."

हे ऐकून आत्याला टोमण्याहून जास्त लागलं. टोमणा खोटा होता, तो पचला असता.

महिनाभर ती बाईंकडे गेली नाही. निरोप यायचे, ती कामाचं निमित्त सांगायची. शेवटी लेक दुकानात येऊन उभी राहिली. "आत्या, आई रोज विचारते. म्हणते, गुरुवार कितीदा येऊन गेला."

गुरुवारी आत्या गेली. रंगांची पिशवी तिने घेतली नाही. वाटेत तिने दोनदा ठरवलं की नुसती तब्येत विचारून यायचं, आणि दोनदा ते मोडलं. खरं सांगितलं आणि बाई तुटल्या तर एकटं पडायची भीती होती. पण बाई असताना त्यांच्या तोंडाकडे न बघता आयुष्य काढायचं, हे त्याहून अवघड जाईल असं तिला वाटलं.

बाई खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. खोलीत पिवळा दिवा होता, भर दिवसा लावलेला. त्यात बाई ठीक दिसत होत्या. लेक चहा टाकायला आत गेली.

"ये. हात बघ माझे कसे झालेत," बाई म्हणाल्या. "नुसते. डॉक्टर म्हणतात उघडेच ठेवा. मला तर कपडे न घालता बसल्यासारखं वाटतं."

आत्या खुर्चीत बसली नाही. उभीच राहिली. "बाई, मला दिसलं होतं."

"काय?"

"निळं. थंडीतच दिसलं होतं. बोटं गार नव्हती, ते पण कळलं होतं. मी दर वेळी नारिंगीने मारत गेले."

बाईंनी नाकाजवळची नळी नीट केली.

"मी विचारलं होतं तुला," त्या म्हणाल्या. "फोटोच्या आदल्या दिवशी."

"हो."

"तू म्हणालीस, ट्यूबचा दोष."

"हो."

"सकाळी आरशात ओठही तसेच दिसले होते, म्हणून विचारलं होतं. म्हटलं, रंगातलं हिच्याहून कुणाला कळतं? ही ट्यूब म्हणते तर ट्यूब." बाईंनी डोळे वर करून छताकडे पाहिलं. "घरी आल्यावर पोरीला पाठवून हा दिवा आणला. ट्यूब काढून टाकली. आणि खरंच गं, दुसऱ्या दिवशी आरशात बरी दिसले. रोज बरी दिसत होते मी."

आत्याने वर पाहिलं. पिवळा दिवा. निळ्याला मारायला तिने नारिंगी वापरला होता, आणि बाईंनी तिच्या शब्दावर सगळं घरच त्या रंगात बुडवून घेतलं होतं. खुर्ची शेजारीच होती. तरी ती बसली नाही. बसायचा आपल्याला हक्क नाही असं तिला वाटलं.

"आणखी एक आहे," ती म्हणाली. "डावी करंगळी. त्या नखाला मी काही मारलं नव्हतं. चित्रातला पहाटेचा रंग तुमच्या आतला आहे. मला तो हवा होता. म्हणून ठेवला."

हे सांगितलं नसतं तरी चाललं असतं. कुणाला कधी कळलं नसतं. पण ते आत ठेवून बाकीचं सांगणं म्हणजे पुन्हा एक थर दिल्यासारखंच होतं.

बाईंनी आपली करंगळी उचलून पाहिली. जणू ती दुसऱ्या कुणाची होती.

"दिवा बंद कर," त्या म्हणाल्या.

आत्याने बटण दाबलं. खिडकीतला साधा उजेड खोलीत आला. बाईंचा चेहरा राखेसारखा झाला. त्यांनी दोन्ही हात पुढे केले. "आता सांग. काय दिसतं?"

आत्याने हात धरले नाहीत. वाकून पाहिलं. एकेक नख पाहिलं. "अंगठ्यांना कमी झालंय. मधलं बोट अजून जास्त आहे. करंगळी तशीच आहे. ओठांच्या कडा निळ्या आहेत, मधे बरं आहे."

"एवढं सगळं दिसतं तुला."

"हो."

"तेव्हाही दिसत होतं."

आत्याने मान खाली घातली. आतून चहा उकळल्याचा वास आला. बाईंनी हात मागे घेतले आणि पांघरुणाखाली ठेवले.

"जा आता," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. राग असता तर आत्याला धरायला काहीतरी मिळालं असतं. "पुढच्या गुरुवारी ये किंवा नको येऊस, आज मी काही सांगू शकत नाही. आज जा."

लेक दोन कप घेऊन बाहेर आली तेव्हा आत्या दारात होती. "अहो, चहा?" लेक म्हणाली. "आणि दिवा का बंद केला?"

"तुझी आई सांगेल," आत्या म्हणाली. "तिने सांगितलं नाही तर मला विचार. मी सांगेन."

जिन्याखाली इस्त्रीवाल्याचं टेबल होतं. त्याने शर्टावर पाणी शिंपडता शिंपडता नेहमीसारखं विचारलं, "कशा आहेत बाई? सुधारणा आहे ना?"

लोक अशा वेळी 'आहे, आहे' म्हणतात आणि पुढे जातात. आत्या थांबली. "अजून निळी आहेत नखं," ती म्हणाली. "अंगठ्यांना थोडं कमी आहे."

आत्याने पदर सारखा केला आणि निघाली. वखारीकडच्या वळणाला ती वळली नाही. सरळ मोठ्या रस्त्याने गेली, बसस्थानकाकडे, उन्हातून, हात दोन्ही बाजूंना मोकळे सोडून. वर सज्जात लेक दोन कप धरून उभी होती, कुणाचा चहा कुठे ठेवायचा हे न समजून. खाली इस्त्रीवाला इस्त्री हातात धरून बघत राहिला. करपल्याचा वास आला तेव्हा त्याने खाली पाहिलं, आणि पुन्हा मान वर केली तोवर आत्या माणसांत दिसेनाशी झाली होती.